मामाची चंची

दरवर्षी जून महिन्याचा अखेरचा रविवार आला, की आमच्या धर्मग्रामात तरुणांसाठी एक व्याख्यान ठरलेले असते. मादक पदार्थांच्या सेवनाविरुद्ध २६ जून हा दिवस पाळावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८७ साली ठरविले. तेव्हापासून त्या दिवसाच्या निमित्ताने शाळांतून फेऱ्या निघतात, भिंतींवर चित्रे लागतात, आणि आमच्या खानापूर तालुक्यातील आडगावीही बेळगावहून कोणी ना कोणी वक्ता येतो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. मिस्सा आटोपल्यावर मुले ओल्या छत्र्या दाराशी ठेवून सभागृहात येऊन बसली. वक्त्यांनी पडद्यावर चित्रे दाखविली. सुयांनी जर्जर झालेले हात, खोल गेलेले डोळे, रुग्णालयांतील खाटा. गांजा, गर्द, नशेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे, शहरांतून रबराचे सोल्यूशन हुंगणारी पोरे, असे एकेक नाव ते घेत होते आणि पुढच्या रांगेतील मुली डोळ्यांवर हात धरीत होत्या. शेवटी सर्वांनी उभे राहून शपथ घेतली. माझा पंधरा वर्षांचा भाचाही त्यांत होता. त्याचा आवाज मला ओळखू आला आणि बरे वाटले.

मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर आणि रविवारचा धर्मशिक्षक. त्यामुळे आभार मानण्याचे काम मजकडे आले. शरीर हे पवित्र आत्म्याचे निवासस्थान आहे, ही संत पौलाची शिकवण मी चार शब्दांत सांगितली. टाळ्या झाल्या. मग मी पडवीत आलो, सवयीने खिशातून चंची काढली, तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतली, नखाने चुना लावला आणि मळू लागलो. मुले समोरून जात होती, “येतो, गुरुजी” म्हणत होती. त्या क्षणी मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. ही गोष्ट मी आज कबूल करीत आहे, आणि हा लेखही त्या कबुलीसाठीच लिहिलेला आहे.

त्या दिवशी दुपारी घरी माशाची आमटी होती. माझी पत्नी प्रभूघरी गेल्यापासून माझी धाकटी विधवा बहीण आणि तिचा हा एकुलता मुलगा मजजवळ राहतात. मुलाने पहिला घास तोंडात घातला आणि चेहरा वाकडा करून ताट बाजूला सारले. मग भातावर पाणी ओतून तो गुपचूप जेवू लागला. मी रागावलो. पंधरा वर्षांच्या मुलाने असे लाड करावेत का, असे काहीसे बोललोही. तेव्हा बहीण हळूच म्हणाली, “दादा, दोन महिने झाले, त्याला तिखट लागूच देत नाही. तोंड पोळते म्हणतो. मी ठेचा करायचा सोडून दिला आहे.” दोन महिने! आणि मी रोज त्याच्या समोर बसून जेवत होतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याला घेऊन बेळगावला दातांच्या रुग्णालयात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, परंतु हाताला घाई नव्हती. त्यांनी त्याच्या गालांच्या आत बोट फिरविले, दिवा धरून पाहिले, आणि म्हणाल्या, “तुझी मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धर, आणि समोरच्या दातांमध्ये घाल.” त्याने प्रयत्न केला. दोन बोटे गेली, तिसरे जाईना. त्याने जोर केला. डोळ्यांत पाणी आले, पण तिसरे बोट गेले नाही. बाईंनी मला तसे करून पाहावयास सांगितले. माझी तिन्ही बोटे सहज गेली. ज्याने तीस वर्षे तंबाखू खाल्ली त्याचे तोंड उघडत होते आणि ज्याला मिसरूड फुटत होते त्याचे मिटत चालले होते.

“सुपारी केव्हापासून खातोस?” बाईंनी विचारले. माझ्या मनात आले, की या बाई काहीतरी चुकत आहेत. आमचा मुलगा वेदीवर फादरांना साहाय्य करणारा, सायंकाळच्या जपमाळेला न चुकता गुडघे टेकणारा! पण मुलगा खाली मान घालून म्हणाला, “चौथीत असल्यापासून.” “पहिल्यांदा कोणी दिली?” यावर तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त एकदा मजकडे पाहिले आणि नजर वळविली. त्या नजरेत आरोप नव्हता. असता तर मला उत्तर देता आले असते.

परतताना गाडीत त्याने मला सारे सांगितले. तो आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानी पाठवीत असे. “जा रे बाळा, मामाची पुडी घेऊन ये.” मी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवीत असे, आणि दुकानदार सुट्टे पैसे नसले म्हणजे उरलेल्या रुपयाच्या बदल्यात गोड सुपारीची एक पुडी त्याला देत असे. ती पुडी म्हणजे त्याची हमाली. मला ते ठाऊक होते काय? होते. गोड सुपारीच ती, तिच्यात काय आहे, असे मला वाटे. लग्नाच्या मांडवात आपण पाहुण्यांपुढे पानसुपारीचे तबक ठेवतोच की! पुढे गोड सुपारी मिळमिळीत वाटू लागली, तेव्हा मोठ्या मुलांनी त्याला पानमसाला दाखविला. आणि सातवीत असताना एक दिवस त्याने माझ्याच चंचीतील चिमूटभर तंबाखू त्यात मिसळली. चंची खुंटीला लटकत असे, आणि तिला कधी कुलूप नव्हते.

वाचकहो, या सुपारीविषयी आपल्या घराघरांतून जे अज्ञान आहे ते मी मास्तर असूनही बाळगून होतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला समजावून दिले ते येथे सांगतो. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न मिसळता, मनुष्याला कर्करोग करू शकते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. ते तरतरी देते आणि पुन्हा खावेसे वाटावयास लावते. सुपारी सतत तोंडात राहिली, की गालांच्या मऊ अस्तराखाली तंतू साचत जातात. आधी तिखट लागेनासे होते, मग गाल आतून फिकट आणि ताठ होतात, आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. साचलेले ते तंतू औषधाने पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. सवय सुटली तर रोगाची वाढ बहुधा थांबते. सुटली नाही तर तोंड मिटत जाते, आणि अशा तोंडात कर्करोगाचे भय इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते. तंबाखूतील निकोटीन हे तर माणसाला बांधून ठेवणारे द्रव्यच आहे. ज्याला आपण “थोडीशी सवय” म्हणतो ते वैद्यकाच्या दृष्टीने व्यसनच होय, आणि कोवळ्या वयातील मेंदूला ते प्रौढाच्या मेंदूपेक्षा लवकर जखडते.

आता कोणी म्हणेल, गर्द आणि गांजा यांच्या गोष्टी चालल्या असता हा तंबाखूची रड घेऊन कोठे बसला? आमच्या मुलुखात तंबाखूला व्यसन म्हणण्याची रीतच नाही. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली ही वनस्पती चारशे वर्षांपूर्वीच दख्खनेत रुजली होती. अकबर बादशहाचा वकील असद बेग याने इसवी सन १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतताना तंबाखू आपल्याबरोबर दरबारात नेली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आमच्याच जिल्ह्यातील निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन आमच्या पिढीला चांगले आठवते. ज्या पिकावर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुली पेटतात त्याला विष म्हणावयास जीभ रेटत नाही. पाहुणा आला की आपण पाण्याच्या तांब्याबरोबर चंची पुढे करतो. बांधावर दोन अनोळखी माणसांची ओळख होते ती चुन्याच्या डबीवरून. असे हे व्यसन ओसरीवर, आपल्या मांडीशी येऊन बसते. त्याला अंधारी गल्ली लागत नाही.

म्हणूनच ते मुलांपर्यंत सर्वांआधी पोहोचते. २०१६-१७ साली देशभर झालेल्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरील माणसांपैकी शेकडा २८.६ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करतात, असे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६, कर्नाटकात २२.८, आणि शेजारच्या गोव्यात ९.७ होते. २०१९ साली तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, तीत शेकडा ८.५ मुले तंबाखू वापरणारी निघाली. परंतु मला त्याहून अधिक बोचलेला आकडा निराळा आहे. ज्यांनी चघळण्याच्या तंबाखूची चव घेतली होती, त्या मुलांपैकी निम्म्याहून किंचित अधिक मुलांनी ती आपल्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच घेतली होती. दहा वर्षांच्या आतील मूल कोठे असते? ते घरी असते. ते आपण सांगू त्या कामाला धावते. त्याच्या हाती पैसे येतात ते आपण दिलेले असतात.

कायदा तर केव्हाच जागा झाला आहे. २००३ सालच्या केंद्राच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकणे मना केले. कर्नाटकाने २०२५ साली वयाची ही मर्यादा एकवीसवर नेली. गुटख्यावर गोव्यात २००५ साली, महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. परंतु पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकू लागली, आणि मुले त्या तळहातावर एकत्र करू लागली. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला दारू, मादक द्रव्य किंवा तंबाखूचा पदार्थ देणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याने दारू, गर्द आणि तंबाखू ही तिन्ही एकाच वाक्यात बसविली आहेत. आम्ही मात्र पहिल्या दोहोंविरुद्ध मुलांकडून शपथ घेववितो आणि तिसरीसाठी त्यांनाच दुकानी धाडतो.

त्या रविवारच्या व्याख्यानाने माझ्या भाच्याचे काय झाले, हे मी त्याला पुढे विचारले. तो म्हणाला, “मामा, मला भीती वाटली. पण ती चित्रे दुसऱ्या कोणाची तरी होती. तुम्ही तर रोज खाता, आणि तुम्हांला काही झालेले नाही.” वक्त्यांच्या तासाभराच्या बोलण्याला माझ्या तीस वर्षांच्या गालाने असे उत्तर देऊन टाकले होते! संयुक्त राष्ट्रसंघाच्या मादक पदार्थविषयक कार्यालयाने व्यसनप्रतिबंधाचे मानदंड २०१३ साली प्रसिद्ध केले आणि २०१८ साली सुधारून पुन्हा काढले, ते मी नंतर एका सिस्टरांकडून समजावून घेतले. त्यांत जगभरच्या अभ्यासांचा निष्कर्ष असा दिला आहे, की मुलांना नुसती भीती घालणे, नुसती माहिती देणे, किंवा एकट्याने भाषण ठोकणे यांचा उपयोग होत नाही. कधी कधी उलटही परिणाम होतो. उपयोग होतो तो मुलांना स्वतः बोलते केल्याचा, नको म्हणावे कसे याचा सराव करून घेतल्याचा. आणि सर्वांत अधिक, आईबाप प्रेमळ असतील, घरात काही नियम असतील व ते सर्वांना सारखे असतील, मूल कोठे जाते, कोणाबरोबर असते हे त्यांना ठाऊक असेल, याचा. “व ते सर्वांना सारखे असतील” या शब्दांशी मी थांबलो होतो. आमच्या घरात नियम होते, पण ते उंचीप्रमाणे बदलत होते.

या संदर्भात मला डब्लिनच्या मॅट टॅलबटची आठवण होते. १८५६ साली जन्मलेल्या या गरीब मजुराचे चरित्र मी मुलांना कित्येकदा शिकविले आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने दारू सोडली, उरलेली एकेचाळीस वर्षे प्रार्थना, कष्ट आणि दानधर्म यांत घालविली, १९२५ साली मिस्साला जाताना रस्त्यातच देह ठेवला, आणि १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ ही पदवी दिली. हे मी सांगत असे आणि तेथेच थांबत असे. त्याच्या चरित्राचा आरंभ मात्र मी घाईने उरकीत असे. बारा वर्षांचा असताना त्याला मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. बाटल्यांशी काम करता करता त्याने तळाचे थेंब चाखले आणि तो पिऊन घरी येऊ लागला. बापाने त्याला बदडले आणि तेथून काढून आपण काम करीत असलेल्या बंदरावर नेले. परंतु बाप स्वतःच मद्यपी. मार खाऊन मुलगा सुधारला नाही. बंदरावर त्याला अधिक कडक दारू मिळाली एवढेच. पुढे १८८४ साली, खिशात पैसा नसता, तो गुत्त्याबाहेर उभा राहिला आणि ज्यांना त्याने आजवर पाजले होते त्यांपैकी एकानेही त्याला आत बोलाविले नाही, तेव्हा तो घरी परतला आणि आईला म्हणाला, की मी शपथ घेण्यास जातो. शपथ त्याने आधी फक्त तीन महिन्यांची घेतली, मग सहा महिन्यांची, आणि मग जन्माची. तो धूम्रपानही पुष्कळ करीत असे, आणि दारूपेक्षा तंबाखू सोडणे त्याला अधिक जड गेले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वंदनीय मॅटची शेवटची एकेचाळीस वर्षे देवाच्या कृपेची. पण पहिली बारा वर्षे कोणाच्या हाती होती? त्याला बाटल्यांजवळ नेऊन उभे करणारे हात मोठ्या माणसांचेच होते. त्यांत मला माझे हात दिसू लागले.

मी पापनिवेदनास गेलो. मी बोलून दाखविल्यावाचून ही गोष्ट कोणास कळण्यासारखी नाही, म्हणून मीच सांगतो. लहानग्यांच्या वाटेत अडखळण ठेवणाऱ्याविषयी प्रभूने जे जात्याच्या तळीचे कठोर शब्द काढले, ते मी मुलांना नेहमी दुसऱ्यांविषयी म्हणून शिकविले होते. फादर वयाने माझ्या मुलासारखे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, देवाची क्षमा आहेच. परंतु आधी घरी जाऊन त्या मुलाची क्षमा मागा. तेच तुमचे प्रायश्चित्त.” मला वाटले होते, दहा वेळा जपमाळ म्हणावयास सांगतील. ते फार सोपे झाले असते.

मी तीन दिवस टाळले. चौथ्या दिवशी जपमाळ संपल्यावर बहिणीच्या समोरच मी त्याला म्हणालो, “बाळा, तुला या वाटेवर मी घातले. माझे चुकले. मला क्षमा कर.” आमच्याकडे मोठ्यांनी लहानांची क्षमा मागण्याची चाल नाही. मुलगा घाबरून गेला. “नको, मामा, असे म्हणू नका” एवढेच तो म्हणाला. मी उठून खुंटीवरची चंची काढली आणि तिघांच्या देखत चुलीत टाकली. चुन्याची डबी पत्र्याची होती, ती जळेना. ती बहिणीने दुसऱ्या दिवशी उकिरड्यात पुरली.

येथे ही गोष्ट संपली असती तर प्रवचनाला शोभली असती. पण चंची जळाल्याने तीस वर्षांची सवय जळत नाही. पहिले दोन आठवडे डोके जड होई, झोप लागत नसे, आणि मी विनाकारण सर्वांवर ओरडत असे. मुलाचीही तीच गत होती. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक डॉक्टरीणबाईंनी लिहून दिला होता. तो फुकट आहे. तेथील माणसाने सांगितले, की ही तल्लफ येते तशी थोड्या मिनिटांत ओसरतेही. तेवढा वेळ पाणी प्यावे, चालावे, लवंग धरावी, कोणाशी बोलावे. आम्ही दोघांनी ठरविले, की तल्लफ आली की एकमेकांना सांगावयाचे आणि विहिरीपर्यंत जाऊन यावयाचे. त्या पावसाळ्यात आम्ही विहिरीच्या किती खेपा केल्या, ते मोजले नाही.

तिसऱ्या महिन्यात वेशीजवळच्या एका घरी मयत झाले. रात्री जागरणाला बसलो असता शेजाऱ्याने सवयीने चिमूट पुढे केली आणि मी ती घेतली. पहाटे घरी आलो तो मन खाऊ लागले. लपविता आले असते. पण मग पुन्हा सारे खोटे झाले असते. मी मुलाला उठवून सांगितले. तो काही वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, “मामा, मीही परवा शाळेमागे एक पुडी खाल्ली. सांगायला भीत होतो.” त्या पहाटे आम्ही दोघे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागलो. मला वाटते, त्याला व्यसनातून बाहेर येण्यास माझ्या निग्रहापेक्षा माझ्या त्या चुकीच्या कबुलीनेच अधिक मदत केली. मोठी माणसेही घसरतात आणि घसरले तरी सांगतात, हे त्याने पहिल्यांदा पाहिले.

तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी रुग्णालयातून आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या मिळाल्या होत्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरावयाच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवावयाची. तो रोज सकाळी अंगणात बसून ते करतो. आता अडीच बोटे जातात. तिसरे पूर्ण जाईल किंवा नाही, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. दर काही महिन्यांनी तपासावयास या, एवढेच सांगतात. माशाची आमटी बहीण अजूनही दोन भांड्यांत करते. त्याच्या भांड्यात मिरची नसते. मी त्याच्याच भांड्यातली घेतो.

वाचकहो, मला मोठा उपदेश करावयाचा अधिकार नाही. तरीही दोन-चार गोष्टी हात जोडून सांगतो. मुलाला तंबाखूच्या, सुपारीच्या, विडीच्या किंवा दारूच्या कामाला कधीही पाठवू नका. आपली सवय सुटत नसेल तर आपल्या पायांनी चालत जा. सुट्ट्या पैशांच्या बदली मुलाच्या हाती सुपारी देणाऱ्या दुकानदाराला शांतपणे समजवा. आमचे फादर आणि आम्ही चौघे गेलो तेव्हा तो प्रथम रागावला. आता तो चिक्की देतो. पुड्यांच्या माळा मात्र अजून लटकत आहेत. घरातील मुलांना महिन्यातून एकदा तीन बोटांची ती परीक्षा खेळ म्हणून करावयास लावा. मुलाला तिखट लागेनासे झाले, ते वारंवार थुंकू लागले, त्याच्या दातांवर डाग आले, तर रागावण्याआधी विचारा आणि विचारण्याआधी त्याच्याजवळ बसा. आणि दारू किंवा अन्य मादक पदार्थ कोणाच्या घरात शिरले असतील तर लाज बाळगून दार लावून घेऊ नका. त्यासाठी सरकारची १४४४६ ही दूरध्वनीसेवा आहे, आणि धर्मग्रामाचे दारही उघडे आहे.

जूनचे ते व्याख्यान यंदाही झाले, आणि होऊ द्यावे. मात्र यंदा फादरांनी मुलांना एका दालनात आणि आईबापांना दुसऱ्या दालनात बसविले. मोठ्यांच्या दालनात आरंभी बोलण्याचे काम मजकडे होते. चित्रे वगैरे काही नव्हती. मी फक्त एवढेच विचारले, “आज आपल्यापैकी कोणाच्या खिशात चंची आहे?” बराच वेळ कोणी हालले नाही. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला, आणि त्यानंतर दुसऱ्याने. बाहेर पाऊस पडत होता, आणि शेजारच्या दालनातून मुलांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

आपल्या हाती सोपविलेल्या लेकरांना आपण काय आणावयास धाडतो, याचा विचार करण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो.